बॅचलर म्हणजे कोण?

"ओन्ली फॅमिली, नो बॅचलर्स." भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिरातीतली ही ओळ इतकी नेहमीची झाली आहे की आपण ती वाचतसुद्धा नाही, नुसतं पुढे स्क्रोल करतो. ह्या वीकेंडला मात्र तोच शब्द घेऊन बसलोय. कारण तो वाटतो तितका साधा नाही.

म्हणजे बघा. बायको-मुलं कोल्हापूरला आणि स्वतः हिंजवडीत नोकरीला असलेला चाळिशीतला माणूस हा बॅचलर. आईवडिलांबरोबर राहणारा, तिशी उलटलेला आणि लग्न न झालेला मुलगा ही फॅमिली. एकत्र राहणाऱ्या तीन मुली म्हणजे "लेडीज बॅचलर". लग्न होऊन पंधरा वर्षं झालेला बॅचलर आणि लग्नच न झालेला फॅमिलीवाला! डिक्शनरी लिहिणाऱ्याने डोक्याला हात लावावा अशी परिस्थिती आहे. पण ब्रोकरला विचारा, त्याचा एकदाही गोंधळ होत नाही.

गंमत म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हाच शब्द स्वच्छ व्याख्येचा नमुना म्हणून येतो. बॅचलर म्हणजे अविवाहित पुरुष, विषय संपला. क्वाइनने १९५१ च्या आपल्या गाजलेल्या लेखात हेच उदाहरण घेतलं आणि "अर्थामुळेच खरं असणारं वाक्य" ह्या कल्पनेलाच सुरुंग लावला. १९६३ मध्ये कॅट्झ आणि फोडर ह्या जोडीने इंग्रजीतल्या ह्या एका शब्दाचे चार अर्थ मांडून दाखवले. अविवाहित पुरुष, दुसऱ्या सरदाराच्या झेंड्याखाली लढणारा तरुण सरदार, पहिली पदवी घेतलेला विद्यार्थी, आणि चौथा म्हणजे विणीच्या हंगामात जोडीदार न मिळालेला तरुण सील मासा. (सील हा मासा नाही हे मला माहीत आहे, पण मराठीत तसंच म्हणतात. पुन्हा शब्दांचाच घोळ!) पुढे फिलमोरसारख्या भाषाशास्त्रज्ञांनी विचारलं की मग पोप बॅचलर आहे का? अविवाहित आहे, पुरुष आहे. तरी कुणी म्हणत नाही.

हे सगळं वाचताना मला वाटत होतं की शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्नच थोडा चुकतोय. आणि मग कळलं की सातशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश साधूने हा प्रश्न जास्त नीट विचारून ठेवला आहे.

त्याचं नाव विल्यम ऑफ ऑकम. "ऑकमचा वस्तरा" ह्या नावाने आपल्याला तो थोडाफार माहीत असतो: उगाच जास्तीच्या गोष्टी मानू नका, वगैरे. ऑकम हे सरे परगण्यातलं एक खेडं. तिथे साधारण १२८७ च्या सुमारास ह्याचा जन्म. फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला, ऑक्सफर्डमध्ये शिकला आणि १३२३ च्या आसपास त्याने तर्कशास्त्राचा एक मोठा ग्रंथ लिहिला. नाव "सुम्मा लॉजिके". त्यातला पहिलाच भाग फक्त पदांवर आहे. पद म्हणजे वाक्यात कर्त्याच्या किंवा विधेयाच्या जागी बसणारा शब्द.

ऑकमच्या काळच्या तर्कशास्त्रज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. एक, शब्द एकटा असताना कशाकशाचा वाचक आहे. आणि दोन, तोच शब्द वाक्यात बसल्यावर *त्या वाक्यात* कोणाच्या जागी उभा आहे. ह्या दुसऱ्या गोष्टीला लॅटिनमध्ये सुप्पोझितिओ म्हणतात. मराठीत सांगायचं तर प्रॉक्सी! कॉलेजात आपण मित्राची हजेरी लावायचो तसं शब्द वाक्यात दुसऱ्या कुणाची तरी हजेरी लावतो. प्रश्न एवढाच, की कोणाची?

उदाहरणं मी मराठीत देतो, मूळची साधारण अशीच आहेत.

१. माणूस धावतो.
२. माणूस ही प्राण्यांची एक जात आहे.
३. माणूस हा तीन अक्षरी शब्द आहे.

पहिल्या वाक्यात "माणूस" खऱ्याखुऱ्या, हाडामांसाच्या माणसाच्या जागी उभा आहे. तिसऱ्यात तो स्वतःच्याच जागी आहे, कारण तीन अक्षरं शब्दाला असतात, धावणाऱ्याला नसतात. आणि दुसऱ्यात? तिथे ऑकम म्हणतो, तो आपल्या मनातल्या संकल्पनेच्या जागी उभा आहे. कारण "जात असणं" हा कुठल्याही एका माणसाचा गुण नाही. सदाशिव पेठेत उभं राहून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणू शकत नाही की "ही बघा, ही एक जात चालली आहे."

प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. ऑब्जेक्ट वेगळा, क्लास वेगळा आणि क्लासचं नाव असलेली स्ट्रिंग वेगळी. अवतरणचिन्हं विसरली की कंपायलर ओरडतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये आपल्यासारखी अवतरणचिन्हं नव्हती आणि इंग्रजीतल्यासारखी "अ" आणि "द" ही उपपदंही नव्हती. मराठीतही उपपदं नाहीत. त्यामुळे माझा अनुभव असा, की ही उदाहरणं इंग्रजीत वाचताना अवघडल्यासारखी वाटतात आणि मराठीत आणली की एकदम घरी आल्यासारखी वाटतात. आपण रोज तशीच वाक्यं बोलतो आणि प्रॉक्सी कोणाची हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं.

(जाता जाता: ह्यातली शब्द आणि वस्तू ही गल्लत पाणिनीने ऑकमच्या कितीतरी शतकं आधी पकडली होती. व्याकरणाच्या सूत्रात एखादा शब्द आला, तर तो पारिभाषिक संज्ञा नसेल तेव्हा त्या शब्दाचं रूपच घ्यायचं, त्याचा अर्थ नाही, असा नियमच अष्टाध्यायीच्या पहिल्या पादात आहे. नाहीतर "अग्नीला अमुक प्रत्यय लावा" असं वाचून विद्यार्थी निखाऱ्याला प्रत्यय लावायला जायचा!)

बरं, मग शब्द आधी कशाला धरतो, मनातल्या संकल्पनेला की बाहेरच्या वस्तूला? ह्यावर त्या काळात जोरदार वाद होता. पॅरिसचा जाँ बुरिदाँ म्हणायचा की शब्द आधी संकल्पनेला धरतो आणि तिच्यामार्फत वस्तूला. इंग्लंडचाच वॉल्टर बर्ली म्हणायचा की "माणूस" ह्या शब्दाचा मुख्य अर्थ म्हणजे सगळ्या माणसांत असलेलं, मनाबाहेर खरोखर अस्तित्वात असलेलं एक सामान्य तत्त्व. म्हणजे आपल्या भाषेत मनुष्यत्व.

ऑकमला हे दोन्ही पटलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मनातली संकल्पना ही माणसांची नैसर्गिक खूण आहे. धूर जसा आगीची, तसं काहीसं. ती मराठी नसते, लॅटिन नसते. बोललेला शब्द हा ठरवून दिलेला असतो, तो त्या संकल्पनेच्या हाताखाली काम करतो. पण हाताखाली काम करतो म्हणजे तो संकल्पनेचं नाव झाला असं नाही. तो त्याच वस्तू दाखवतो ज्या संकल्पना दाखवते. साधी गोष्ट आहे. "माणूस धावतो" असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोक्यातला विचार धावतोय असं मला म्हणायचं नसतं.

आणि मनुष्यत्व? ऑकमच्या मते जगात एकेक माणूस आहे. हा, ती, तो. त्यांच्याशिवाय आणखी वेगळं "मनुष्यत्व" नावाचं काही त्यांच्यात बसलेलं नाही. सामान्यपणा हा खुणेचा गुण आहे, वस्तूचा नाही. एकच खूण अनेकांना लागू पडते, बस्स. जात खुणेत असते, माणसात नसते.

हे शेवटचं वाक्य मराठीत लिहिल्यावर मी जरा थबकलो. कारण आपल्याकडे जीवशास्त्रातल्या प्रकारालाही जात म्हणतात आणि त्या दुसऱ्या गोष्टीलाही जातच म्हणतात. ऑकमला अर्थात ती दुसरी गोष्ट माहीत नव्हती. पण ते वाक्य मराठीत त्याच्या हातून निसटून जास्तच खरं होतं.

असो. आता ही सगळी कारागिरी कशासाठी, ते बघू. हा अनुमानाचा नमुना घ्या:

माणूस ही एक जात आहे.
गणपतराव माणूस आहेत.
म्हणून गणपतराव ही एक जात आहे.

हसू येतं, बरोबर? पहिल्या वाक्यात "माणूस" संकल्पनेच्या जागी होता आणि दुसऱ्यात हाडामांसाच्या लोकांच्या. मधल्या मधे प्रॉक्सी बदलली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. गणपतरावांच्या बाबतीत आपल्याला चटकन कळतं कारण निष्कर्षच हास्यास्पद आहे. निष्कर्ष पटण्यासारखा असला की मात्र कळत नाही.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी आहे. तोच तो, बायको-मुलं कोल्हापूरला. बायकोची तिथे चांगली नोकरी, मुलांची शाळा, म्हणून हा सोमवार ते शुक्रवार इथे. एका सोसायटीत फ्लॅट पसंत पडला, मालकही तयार होते. पण कमिटीची परवानगी लागायची. मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. कमिटीतले काका अतिशय सभ्य. चहा दिला, त्याचं गाव विचारलं, आमच्याकडचेच निघालात की म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही हो. पण बॅचलर लोकांचा आमचा अनुभव चांगला नाही."

"काका, माझं लग्न झालंय. दोन मुलं आहेत."

"ते ठीक आहे. पण इथे तर तुम्ही बॅचलरच ना?"

फ्लॅट मिळाला नाही.

मला काकांचा राग आला नाही. (खरं म्हणजे आला, पण नंतर गेला.) मला राहून राहून आठवत राहिलं ते पहिलं वाक्य. "तुमच्याबद्दल काही नाही." काका खरंच बोलत होते. त्यांचं विधान त्याच्याबद्दल नव्हतंच. निर्णय मात्र त्याच्याबद्दल होता.

इथे ऑकमच्या मंडळींचं एक हत्यार फार कामाला येतं. त्याला "खाली उतरणं" म्हणू या. सामान्य शब्द असलेलं कुठलंही वाक्य घ्या आणि त्याला एकेका व्यक्तीपर्यंत उतरवून बघा. "प्रत्येक बॅचलर गोंधळ घालतो" हे वाक्य उतरलं की होतं: हा घालतो, *आणि* तो घालतो, *आणि* तो पलीकडचाही. एक जरी सरळमार्गी निघाला तरी वाक्य खोटं. "एखादा बॅचलर गोंधळ घालतो" हे उतरलं की: हा घालतो, *किंवा* तो, *किंवा* तो. एक जरी गोंधळ घालणारा सापडला तरी वाक्य खरं. कोडमध्ये आपण हेच "ऑल" आणि "एनी" म्हणून लिहितो.

काही वाक्यं तर अशी उतरतच नाहीत. "मी तुला एक घोडा देणं लागतो" ह्या वाक्यावर त्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुठला घोडा? हा देणं लागतो का? नाही. तो? तोही नाही. पण घोडा तर देणं लागतो! "आम्हाला फॅमिली पाहिजे" ह्यातली फॅमिली त्याच तबेल्यातली आहे. कुठली फॅमिली, ते अजून ठरायचं असतं.

आता काकांचं वाक्य घ्या. "बॅचलर लोक गोंधळ घालतात." हे "प्रत्येक" आहे का? नाही, काका स्वतःच म्हणाले की तुमच्याबद्दल काही नाही. मग "एखादा" आहे का? तेवढंच असेल तर एखादी फॅमिलीही गोंधळ घालते. गणपतीत स्पीकर कोण लावतं, बॅचलर? म्हणजे हे वाक्य ना धड "आणि"ने खाली उतरतं ना "किंवा"ने. ते मधेच लटकून राहतं. पुरावा म्हणून त्याला "एखादा" पुरतो, आणि अंमलबजावणी मात्र "प्रत्येक"ची होते.

अशा वाक्यांवर गेल्या काही दशकांत तत्त्वज्ञांनी बरंच काम केलं आहे. इंग्रजीत त्यांना जेनेरिक्स म्हणतात. सारा-जेन लेस्ली ह्या तत्त्वज्ञ बाईंचा २००८ चा लेख ह्यात महत्त्वाचा मानतात. त्यांचा एक मुद्दा असा, की धोकादायक गुण असेल तर अगदी थोड्या उदाहरणांवरही आपण अख्ख्या प्रकाराबद्दल वाक्य करून टाकतो. "डास डेंगी पसरवतात" असंच घ्या. चावते फक्त मादी, त्यातही ठरावीक जातीची, आणि त्यातही विषाणू अंगात असलेली. म्हणजे जगातले बहुतेक डास डेंगी पसरवत नाहीत. तरी वाक्य आपल्याला शंभर टक्के खरं वाटतं. आणि वाटावंही, कारण डासाची एकेक चौकशी करत बसलो तर आपण हॉस्पिटलात पोचू. डासांच्या बाबतीत ही सवय आपल्याला वाचवते. हीच सवय आपण माणसांना लावतो तेव्हा मात्र प्रश्न येतो, कारण माणसाची चौकशी करता येते. तो समोर बसून चहा पीत असतो.

तुम्ही म्हणाल, सातशे वर्षांपूर्वीच्या साधूला फ्लॅटचं काय घेणं? त्याला घराचंच घेणं होतं! फ्रान्सिस्कन साधूंचं व्रत होतं की आपल्या मालकीचं काहीही ठेवायचं नाही, वैयक्तिकही नाही आणि पंथाचंही नाही. मग जेवतात ते अन्न कोणाचं, राहतात तो मठ कोणाचा? १२७९ मध्ये एका पोपने तोडगा काढला होता की मालकी पोपच्या गादीची, साधूंचा फक्त वापर. १३२२ मध्ये पोप बाविसावे जॉन ह्यांनी तो मोडीत काढला. खाऊन संपणाऱ्या भाकरीचा मालकीशिवाय "वापर" कसा काय असतो, असा त्यांचा सवाल. तर्क म्हणून सवाल तगडा आहे, मान्य करावं लागतं.

ऑकमला १३२४ मध्ये वेगळ्याच कारणासाठी, म्हणजे त्याच्या शिकवणीच्या चौकशीसाठी, आव्हिन्यॉला बोलावून घेतलं होतं. तिथे पंथप्रमुख मायकल ऑफ चेझेना ह्यांनी त्याला पोपचे हुकूम अभ्यासायला दिले. ते वाचून त्याचं मत झालं की धर्मबाह्य बोलतोय तो पोपच. १३२८ च्या मे महिन्यात एका रात्री तो, चेझेना आणि आणखी काही साधू आव्हिन्यॉहून पळाले. बहिष्कृत झाले. पुढे ऑकम म्युनिकला बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला राहिला आणि १३४७ मध्ये तिथेच गेला, इंग्लंडला परत न जाता.

त्या काळात त्याने पोपच्या हुकुमाला उत्तर म्हणून एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. नाव "नव्वद दिवसांचं काम", कारण तेवढ्या दिवसांत लिहिला. (ह्याला म्हणतात डिलिव्हरी!) त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. पोपच्या बाजूने असं म्हटलं होतं की पंथ ही एक काल्पनिक व्यक्ती आहे, आणि काल्पनिक व्यक्ती काही खरोखरचा वापर करू शकत नाही. ऑकमचं उत्तर असं की पंथ काल्पनिक व्यक्ती नाही. पंथ म्हणजे खरीखुरी माणसं. तीच जेवतात, तीच झोपतात, तीच थंडीत कुडकुडतात. हे त्याच्या तर्कशास्त्रातून सरळ निघालं असं मी म्हणणार नाही, पण हात तोच ओळखू येतो. मोठा शब्द समोर आला की त्याच्या मागे उभ्या असलेल्या एकेकाकडे बघायचं.

ह्याचा अर्थ सामान्य शब्द टाकून द्या असा नाही. ते टाकले तर बोलणंच बंद होईल. डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं टेबल कुणी करत नाही. सोसायटीलाही नियम लागतातच. पण नियम "रात्री अकरानंतर आवाज नको" असा करता येतो. तो खाली उतरतो. ज्याने आवाज केला त्याला लागतो, ज्याने नाही केला त्याला लागत नाही. "बॅचलर नको" हा नियम मात्र वागणाऱ्या माणसाला लागत नाही, खुणेला लागतो. आणि खुणेला शिक्षा करता येत नसल्यामुळे ती शेवटी माणसालाच भोगावी लागते.

आपल्या धंद्यात ह्या जातीचा सगळ्यात मोठा शब्द म्हणजे "यूजर". यूजरला हे लागत नाही, यूजर इतकं वाचत नाही, यूजरला इंग्रजी येतंच. मीटिंगमध्ये असं वाक्य आलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: कुठला? आधी सगळे वैतागून बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "तसा एक आहे, सांगलीचा दुकानदार, परवाच त्याचा फोन आला होता." तिथून पुढे मीटिंगमध्ये काहीतरी खरं बोलणं सुरू होतं.